बडोद्यातलं विकून कोचीला घर घ्यावं का?

दांडियाबाजारकर, १४ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे नुसतं वाचत सात वर्षं काढली, धागा पहिलाच काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

जन्म दांडिया बाजारातला, पण गेली सव्वीस वर्षं आम्ही कारेलीबागेत टेनामेंटमध्ये, म्हणजे सोसायटीतल्या छोट्या दुमजली घरात, राहतो. गेल्या वर्षी ऑगस्टात विश्वामित्री नदी घरात आली हे इथल्या बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. तळमजल्यावर कमरेइतकं पाणी, आम्ही दोघं वरच्या खोलीत दोन रात्री, खाली फ्रिज तरंगतोय आणि समोरच्या सोसायटीत मगर निघाल्याचे व्हिडिओ फोनवर येतायत. गाळ काढायला आठ दिवस लागले. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की ही रात्री उठून जिन्यातून खाली बॅटरी मारून बघते.

लेक आपल्या बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये शिकलेली. बिएनालेचं, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनाचं, काम करायला म्हणून कोचीला गेली ती तिथलीच झाली. जावई मल्याळी, पण बालपण फतेगंजात गेलेलं, त्यामुळे आमच्याशी गुजरातीत बोलतो. (हसू नका, चांगलं चाललंय.) दोघांचा आग्रह की आता इकडेच या. ही मूळची अलिबागची. लग्न होऊन बडोद्याला आली त्याला छत्तीस वर्षं झाली, तरी समुद्र दिसला की अजून चप्पल हातात घेते.

मे महिन्यात तीन आठवडे जाऊन राहिलो. मी ९८ साली कंपनीच्या कामाने कोचीला गेलो होतो. तेव्हाचं मट्टांचेरी आठवतं: कुलपं लावलेली गोदामं, शेवाळलेल्या भिंती, सुंठीमिरीचा वास, सातनंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही. आता त्याच गोदामांत चित्रं टांगलेली, कॉफीची दुकानं, जुन्या बंगल्यांची हॉटेलं झालेली, आणि पाण्यावरून गारेगार वॉटर मेट्रो. हायकोर्टाच्या जेट्टीवर बसलं की वीसेक मिनिटांत फोर्ट कोची. ही रोज काहीतरी निमित्त काढून बोटीत बसायची.

तीन घरं पाहिली. पहिलं फोर्ट कोचीत, साडेतीन सेंटावर (सेंट हे तिथलं जमिनीचं माप), कौलारू, लाकडी माळा, अंगणात आंबा. मालक पाच भावंडं, त्यातला एक शारजाला. दुसरं मट्टांचेरीत गुजराती रोडच्या आतल्या गल्लीत, एका जुन्या इमारतीचा वरचा मजला, खाली मसाल्याचं गोदाम. तिसरं पेरुम्बडप्पला, कायलच्या (समुद्राला जोडलेल्या खाडीसारख्या पाण्याच्या) काठावर, नवं कोरं बैठं घर, सात सेंट, व्हरांड्यात बसलं की थेट पाणी आणि सूर्यास्त. तिसऱ्याचा भाव तिन्हीत कमी. हिने तिथेच मनातल्या मनात झोपाळा टांगून टाकलाय.

टेनामेंट विकून ८० लाखांपर्यंत जाता येईल. त्याच्या वर एक पैसा नाही, बाकीचं म्हातारपणाला ठेवायचंय. तर सांगा: काय तपासू, कुणाला विचारू, कुठे फसेन?


मकरपुरावाला, १४ सप्टेंबर, रात्री १०:०५

काका, समुद्रच हवा तर अलिबाग काय वाईट? काकूंचं माहेर, भाषा आपली. कोचीत पहाटे सहाला सेव उसळ मिळणार आहे का?


दांडियाबाजारकर, १४ सप्टेंबर, रात्री १०:२२

अलिबागचे भाव विचारलेत का हल्ली? मुंबईवाल्यांनी तिथे वाडीच्या वाडी उचलली. मेहुणा म्हणतो, आमचंच आम्हाला परवडत नाही. आणि लेक कोचीला आहे, अलिबागला नाही.

सेव उसळीचा मुद्दा मात्र गंभीर आहे. नोंद घेतली.


इतिहासाचा किडा, १४ सप्टेंबर, रात्री ११:३०

घराबद्दल मला काही कळत नाही, बंदराबद्दल थोडं कळतं.

तुम्ही ओखा–एर्नाकुलम गाडीने गेला असाल तर त्या गाडीची दोन्ही टोकं बंदरं आहेत, आणि त्यातलं एक आपलं. ओखा बंदर बडोदा संस्थानाने उभं केलं, १९२६ मध्ये सुरू झालं. महाराजांना समुद्रावर स्वतःचं दार हवं होतं.

कोची हे तर पुराचं अपत्य. १३४१ साली पेरियारला महापूर आला, मुझिरिस या जुन्या बंदराकडचं नदीचं मुख गाळाने बुजलं आणि कोचीपाशी समुद्राला तोंड फुटलं असं मानतात. आपल्या खंभातचं बरोबर उलटं झालं: गाळ भरत गेला आणि व्यापार सुरतेला निघून गेला. पुढे १९२० मध्ये रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंजिनियर कोचीत आला, तोंडावरचा वाळूचा दांडा त्याने कापवला आणि उपसलेल्या गाळाचं बेट तयार केलं, तेच विलिंग्डन आयलंड. मोठी जहाजं आत आली, तसा धंदा मट्टांचेरीच्या जुन्या धक्क्यांवरून तिकडे सरकला. २०११ मध्ये कंटेनर विलिंग्डनवरूनही उठून वल्लारपाडमला गेले. यंदा मे महिन्यात विळिंजमचं नवं बंदर सुरू झालं, ते तर थेट तिरुवनंतपुरमजवळ.

म्हणजे काकांना आवडलेलं कोची हे बंदर उठून गेल्यावर मागे राहिलेलं कोची आहे. जिथून माल उठतो तिथे कॅफे बसतो. कॅफे कधी उठतील ते मला विचारू नका.


रंगरेघ, १५ सप्टेंबर, सकाळी ७:५०

कॅफे उठत नाहीत, पण झोपतात! मी फाइन आर्ट्सचीच, तीन वेळा बिएनालेला राहून आलेय. १२-१२-१२ ला पहिली झाली. चौथीच्या म्हणजे २०१८ च्या क्युरेटर अनिता दुबे आपल्या बडोद्यात शिकलेल्या. त्याआधी ऐंशीच्या दशकात केरळची मुलं बडोद्यात शिकायला यायची, १९८७ चा चित्रकार-शिल्पकारांचा रॅडिकल गट त्यांचाच. त्यामुळे कोची आणि बडोदं हे नातं काही तुमच्या लेकीने सुरू केलेलं नाही.

मुद्दा असा की बिएनाले दोन वर्षांतून एकदा, चार महिने. तीही वेळेवर होईलच असं नाही. २०२० ची कोविडमुळे लांबली ती डिसेंबर २०२२ ला झाली, आणि उद्घाटन अगदी तोंडावर असताना पुन्हा अकरा-बारा दिवस पुढे ढकललं. त्या मधल्या काळात भाड्याच्या भरवशावर घर घेतलेल्यांचे चेहरे मी पाहिलेत. तुम्ही स्वतः राहणार असाल तर प्रश्न नाही. 'वर्षातून सहा महिने होमस्टेला देऊ' असा हिशोब मनात असेल तर आत्ताच खोडा.


दांडियाबाजारकर, १५ सप्टेंबर, सकाळी ८:३०

रंगरेघ, मनात होता. पावसाळ्यात तिथे, उन्हाळ्यात बडोद्याला, रिकामं असेल तेव्हा होमस्टे असं जावयाने सुचवलं होतं.


खारवारा, १५ सप्टेंबर, दुपारी १:१५

काका, मी मूळचा सलाटवाड्याचा. अकरा वर्षं कोचीत तोप्पुम्पडीला राहतो, जहाजदुरुस्तीच्या धंद्यात आहे. तुमचं पेरुम्बडप्पचं नाव वाचलं आणि जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलो.

आधी होमस्टे. केरळात होमस्टेचं सरकारी वर्गीकरण हवं तर मालकाने त्याच घरात राहावं लागतं. तुम्ही कारेलीबागेत आणि पाहुणे कोचीत, याला होमस्टे म्हणत नाहीत. विषय संपला.

आता पाणी. तुम्ही मे महिन्यात गेलात. मे मध्ये कायलच्या काठचं कुठलंही घर सुंदरच दिसतं. तुम्ही म्हणाल, बरं, जुलैत जाऊन पावसात बघतो. जुलैतही कदाचित काही दिसणार नाही. त्या पट्ट्यात, म्हणजे पल्लुरुत्ती, इडकोची, पेरुम्बडप्प, कुम्बळंगी, वैपीनचा काही भाग, पाणी येतं ते नोव्हेंबर-डिसेंबरात, पाऊस संपल्यावर, निरभ्र आकाश असताना. इथले लोक त्याला वृश्चिकवेलियेट्टम म्हणतात. वृश्चिक हा मल्याळी महिना, साधारण १६-१७ नोव्हेंबरपासून महिनाभर, आणि वेलियेट्टम म्हणजे भरती. त्या दिवसांतल्या अमावास्या-पौर्णिमेला उधाण आलं की कायल फुगते. काठ ओलांडायचीही गरज नसते, पाणी गटारातून उलटं वर येतं. पहाटे उठून पलंगावरून पाय खाली सोडला की घोटाभर पाणी. तीन-चार तासांनी आपोआप ओसरतं. दुसऱ्या दिवशी परत.

पाऊसवाल्याला वाटतं, घोटाभर तर आहे. अहो, पण ते खारं असतं. विश्वामित्री घरात गाळ ठेवून गेली, तुम्ही आठ दिवसांत उपसलात. हे पाणी भिंतीत मीठ ठेवून जातं, ते उपसता येत नाही. प्लास्टर फुगतं, विटेचा भुगा पडतो, रंग दर वर्षी. चांगल्या कमावत्या माणसांनी त्या भागातली घरं सोडून दिलेली मी पाहिलीत.

नव्या कोऱ्या घरावर डाग दिसणार नाही. शेजाऱ्याचं बघा. त्याच्या कंपाउंडच्या भिंतीवर पांढरी रेघ आहे का? लोखंडी फाटक एका ठरावीक उंचीपर्यंतच गंजलंय का? पाण्याची मोटर ओट्यावर चढवलीय का? घराचं जोतं रस्त्यापेक्षा किती वर, आणि रस्ता अलीकडे उंच केलाय का? आणि स्वस्त का आहे हे दलालाला विचारू नका, कोपऱ्यावरच्या चहावाल्या चेट्टनला (दादाला) विचारा.

एकच सांगणं: टोकन देण्याआधी वृश्चिकातल्या पौर्णिमेला त्या घरात झोपून या.


विश्वामित्रीकाठ, १५ सप्टेंबर, दुपारी २:००

बाप रे. म्हणजे आगीतून फुफाट्यात नव्हे, गोड्यातून खाऱ्यात!


सीफेसप्रॉपर्टीज, १५ सप्टेंबर, दुपारी ४:४१

[संपादक: जाहिरात असल्याने प्रतिसाद काढून टाकला आहे.]


वकिलीणबाई, १६ सप्टेंबर, रात्री ९:१०

माझी वकिली बडोद्यातली, पण दोन अशिलांसाठी केरळातले कागद वाचावे लागले, त्यावरून लिहिते. तिथला स्थानिक वकील घ्याच, आणि तो दलालाने सुचवलेला नको.

पैशांपासून सुरू करू. आपल्याकडे दस्तावेजाला मुद्रांक ४.९ टक्के आणि नोंदणी १ टक्का, बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर नोंदणीही माफ. केरळात मुद्रांक ८ आणि नोंदणी २. म्हणजे ८० लाखांच्या घराला बडोद्यात काकूंच्या नावाने ३ लाख ९२ हजार लागले असते, तिथे ८ लाख लागतील. तुमची मर्यादा ८० असेल तर घर ७२ च्या आतलंच बघा. आपली जंत्री (जमिनीचा सरकारी दर) तशी तिथे फेअर व्हॅल्यू असते.

मोजमाप. तुम्ही वारात विचार करणार, ते सेंटात बोलणार. एक सेंट म्हणजे ४८.४ वार. साडेतीन सेंट म्हणजे जेमतेम १७० वार. सात सेंट म्हणजे ३३९ वार. दलालाने 'मोठा प्लॉट' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कारेलीबाग येऊ देऊ नका.

कागद. दस्ताला तिथे आधारम म्हणतात, आधीच्या दस्तांची साखळी मागा. तीस वर्षांचं बोजा प्रमाणपत्र काढा. मालकाच्या नावाने फेरफार झालाय ना, त्याला पोक्कुवरवु म्हणतात, आणि चालू वर्षाची जमीन कराची पावती. यात एक शब्द असा आहे की त्यावर सगळं अडतं: कागदावर जमीन 'पुरयिडम' आहे की 'निलम'. पुरयिडम म्हणजे घरवाडीची. निलम म्हणजे भातखाचराची. २००८ च्या कायद्याने भातजमीन आणि पाणथळ जमीन भरायला मनाई आहे. वर घर झोकात उभं आणि कागदात निलम, असं कायलच्या काठाला होऊ शकतं. डेटा बँकेत, म्हणजे भातजमिनींच्या आणि पाणथळ जमिनींच्या सरकारी यादीत, त्या सर्व्हे नंबरचं नाव आहे का हेही बघायचं.

शारजाचा भाऊ. विकणारा परदेशस्थ असला तर त्याच्या हिश्शाला आपला नेहमीचा १ टक्का टीडीएस चालत नाही. दीर्घ मुदतीच्या नफ्याचा दर १२.५ टक्के, वर अधिभार आणि उपकर, आणि त्याने आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला नाही तर तुम्ही पुरेसं कापलं नाही म्हणून नोटीस तुम्हाला येते, त्याला नाही. गल्फमधल्या घरमालकांमुळे कोचीत हे नेहमीचं आहे, आणि घेणाऱ्यांना ते नेहमी शेवटी कळतं. तो मुखत्यारपत्रावर विकणार असेल तर ते वकिलातीत साक्षांकित होऊन इथे रीतसर मुद्रांकित झालंय का ते बघा. पाचांपैकी एकाचीही सही राहिली तर घर घेऊ नका. 'तो काही बोलणार नाही हो' या वाक्यावर माझी निम्मी वकिली चालते.

मट्टांचेरीचा वरचा मजला. जमिनीतला अविभक्त हिस्सा मिळतोय का? की नुसता जुना भाडेहक्क पागडीसारखा हातात देतायत? हे पहिल्या भेटीतच विचारा.

मराडूबद्दल उद्या लिहिते, ते दोन ओळींत होणारं नाही.


दांडियाबाजारकर, १६ सप्टेंबर, रात्री ९:४५

ताई, साष्टांग. निलम की पुरयिडम हे वहीत लिहून घेतलं, लाल शाईने. ही म्हणते, तू मल्याळी शिकायला लागलास, तेही सात-बारापासून.


वकिलीणबाई, १७ सप्टेंबर, रात्री ८:३०

मराडू. कोचीचंच उपनगर, कायलच्या काठचं. तिथे चार मोठ्या इमारती होत्या, मिळून ३४३ फ्लॅट. खरेदीदारांकडे नोंदवलेले दस्त, कित्येकांचं बँकेचं कर्ज, नगरपालिकेच्या घरपट्टीच्या पावत्या. ८ मे २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इमारती किनारा नियमन क्षेत्रात नियम मोडून बांधल्यात, पाडा. ११ आणि १२ जानेवारी २०२० ला सुरुंग लावून पाडल्या. फ्लॅटधारकांना अंतरिम भरपाई २५ लाख.

लोकांना वाटतं, किनाऱ्याचा नियम म्हणजे समुद्रकिनाऱ्याचा. मराडूला समोर समुद्र नव्हता. भरती-ओहोटीचं पाणी जिथे पोचतं त्या खाडीला आणि कायललाही नियम लागू. परवानगी दिली तेव्हा मराडू ग्रामपंचायत होती, म्हणून कडक वर्गात धरली. २०१९ च्या नव्या अधिसूचनेने असे नियम पुष्कळ सैल झाले, पण पाडायच्या इमारतींना त्याचा उपयोग झाला नाही. नियम आज सैल आहे म्हणून काल बांधलेलं कायदेशीर होत नाही.

तेव्हा पेरुम्बडप्पच्या घराचा सर्व्हे नंबर किनारी क्षेत्राच्या मंजूर नकाशावर कुठे पडतो, आणि बांधकामाची परवानगी कोणत्या तारखेची, त्या तारखेला कोणता नियम होता, हे तिन्ही जुळवून घ्या. नवा फ्लॅट घेणार असाल तर रेराची (गृहप्रकल्पांवरच्या सरकारी नियामकाची) नोंदणीही. पण मराडू रेराच्या आधीची गोष्ट, त्यामुळे रेराचा नंबर बघून निश्चिंत होऊ नका.


सिव्हिलमधला, १७ सप्टेंबर, रात्री १०:२०

वरच्या प्रतिसादाला जोडून. कायदा पाडतो तसं मीठही पाडतं. कोचीतच वायटिल्याजवळ सिल्व्हर सँड आयलंडवर सैनिकांसाठी बांधलेल्या चंदर कुंज संकुलातले दोन टॉवर पाडायचा आदेश केरळ उच्च न्यायालयाने यंदा फेब्रुवारीत दिला. २०१८ मध्ये राहायला दिलेल्या इमारती! तपासणीत काँक्रीटमधलं क्लोराइड जास्त निघालं. क्लोराइड सळीपर्यंत पोचलं की सळी गंजते, गंजलेली सळी फुगते, आणि फुगली की भोवतालचं काँक्रीट फोडते. बाहेरून वर्षानुवर्षं काही दिसत नाही.

फ्लॅट बघायला जाल तेव्हा तळघरातल्या पार्किंगचं छत बघा, सजवलेलं सॅम्पल घर नको. सळीच्या रेषेत सरळ भेगा, तपकिरी ओघळ, पोकळ आवाज. चार-पाच हजार चौरस फुटांच्या बंगल्याला कुणी करत नाही, पण जुन्या इमारतीला क्लोराइडची चाचणी करून घेता येते, आणि ८० लाखांपुढे तिचा खर्च किरकोळ असतो.

फोर्ट कोचीच्या कौलारू घराचं मात्र मला कौतुक आहे. जांभा दगड, चुन्याचा गिलावा, सळी कुठेच नाही. चुना श्वास घेतो. त्याला कुणी हौसेने सिमेंटचा गिलावा केला असेल तर आत दमट अडकून भिंत सडते. नखाने खरवडून बघा. वाळवीसाठी वासे ठोकून बघा. कौलं उतरवून परत बसवणारा माणूस गावात अजून आहे का तेही.


मकरपुरावाला, १८ सप्टेंबर, सकाळी ९:००

एवढं सगळं करण्यापेक्षा कारेलीबागेतल्या टेनामेंटवर एक मजला चढवा ना काका. मी मनापासून म्हणतोय.


दांडियाबाजारकर, १८ सप्टेंबर, सकाळी ९:२५

मनापासूनच वाचलं. पण तुला एक सांगतो. लेक लांब असली की फोन वाजला तरी छातीत धस्स होतं. तिला आमचा वाजला की होतं. हे काही मजला चढवून जात नाही.


खारवारा, १८ सप्टेंबर, रात्री १०:४०

काका, मधला रस्ता. घर घेऊ नका, भाड्याने घ्या, अकरा महिन्यांचा करार. कोचीत 'पणयम' नावाचाही प्रकार आहे: एकदम मोठी रक्कम घरमालकाकडे ठेवायची, महिन्याला भाडं नाही, मुदत संपली की रक्कम परत. ऐकायला गोड. पण मालकाने आधीच त्या घरावर कर्ज उचललेलं असेल किंवा मुदतीला त्याच्याकडे पैसेच नसतील तर तुम्ही वाट बघत बसा. त्यापेक्षा सरळ भाडं द्या आणि मोकळे राहा. एक वर्ष गेलं की कुठल्या गल्लीत पाणी येतं, कुठल्या गल्लीत डास, ब्रह्मपुरमचा कचरा डेपो पेटला की धूर कुठवर येतो (२०२३ च्या मार्चमध्ये जवळपास दोन आठवडे आम्ही खिडक्या लावून बसलो होतो), हे कुणाला विचारावं लागत नाही.

आणि एकटं वाटणार नाही. गुजराती रोडला तुमची गुजराती कामाला येईल, तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे कच्छी-गुजराती व्यापारी आहेत, नवरात्रही होते. चेरलाईकडे गेलात तर कोंकणी कानावर पडेल. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्याहून उतरलेले सारस्वत ते. काकूंना त्यातलं निम्मं सहज कळेल.


रंगरेघ, १८ सप्टेंबर, रात्री ११:१५

भाड्याला अनुमोदन. काका, डिसेंबरात जाणारच असाल तर बिएनालेही १२ तारखेला सुरू होतेय, मट्टांचेरीची वॉटर मेट्रोही बहुधा तोवर लागेल.


दांडियाबाजारकर, ९ डिसेंबर २०२५, रात्री ९:०५

मंडळी, धागा वर काढतोय. नुकताच कोचीहून परतलो. दत्तजयंतीची पौर्णिमा ४ तारखेला होती, ती गाठून गेलो. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा दत्तजयंतीला आम्ही बडोद्याबाहेर.

खारवाऱ्याचं ऐकून पेरुम्बडप्पच्या घरमालकाला म्हटलं, दोन रात्री झोपू द्या, भाडं देतो. तो हो-ना करत होता, तिथेच मला काय ते कळायला हवं होतं. शेवटी त्या घरात नाही, त्याच गल्लीत तीन घरं सोडून एका बाईंकडे खोली मिळाली. पहाटे चारला उठलो. आकाशात टिपूर चांदणं. बाई अंधारात मुंडू वर खोचून अंगणात उभ्या, गॅसची टाकी दोन विटांवर चढवलेली, कोंबड्यांचं खुराडं ओट्यावर. मी बॅटरी मारली. फाटकाखालून पाणी आत येत होतं, आवाज नाही, घाई नाही, विश्वामित्रीसारखं धावून नाही, दूध उतू जावं तसं. घोटा बुडला. ही माझ्या मागे जिन्यावर उभी होती. काही बोलली नाही, माझ्या हातातली बॅटरी घेतली आणि बंद केली.

साडेसातला पाणी गेलं. अंगणातल्या तुळशीच्या कुंडीच्या खालच्या विटेवर पांढरी साय आली होती. बाईंनी सांगितलं, तुळस दर वर्षी नवी लावते.

नवं घर तसं जोत्यामुळे कोरडं राहिलं, हे खरं. पण त्याच्यापर्यंत जायचा रस्ता पाण्यात होता. हिच्या गुडघ्यांना कुठल्याही पहाटे अँब्युलन्स लागू शकते. व्हरांडा, सूर्यास्त, झोपाळा, सगळं तिथेच सोडून आलो.

मट्टांचेरीचा मजला म्हणजे ताईंनी म्हटलं तेच निघालं, नुसता भाडेहक्क. फोर्ट कोचीच्या घरात चार भावंडं सही करायला तयार, पाचवी बहीण म्हणते आंबा तिच्या हातचा, विकायचं नाही. मला तिचा राग येत नाही.

सिव्हिलमधल्यांनी सांगितलं तसं नखाने खरवडलं तेव्हा दलाल माझ्याकडे वेड्यासारखं बघत होता. चुनाच आहे.

तर अकरा महिन्यांच्या कराराने फोर्ट कोचीतच पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या, फेब्रुवारीपासून. तळमजल्यावर मालकीणबाई राहतात, त्यांच्या पायरीला वृश्चिकात पाणी लागत नाही हे तीन शेजाऱ्यांना वेगवेगळं विचारून घेतलं. टेनामेंट तूर्त विकत नाही. मकरपुरावाला, चावी तुझ्याकडे देईन म्हणतो.


मकरपुरावाला, ९ डिसेंबर, रात्री ९:१२

द्या. सेव उसळ कुरियर करता येते का बघतो.


वकिलीणबाई, ९ डिसेंबर, रात्री ९:४०

करार नोंदवून घ्या. आणि पाचवी बहीण तयार झालीच तर मला कळवा, दस्त मी वाचते, फी नको.


दांडियाबाजारकर, १० डिसेंबर, सकाळी ७:३०

ताई, आभार. आता एक शेवटचा प्रश्न, जाणकारांसाठी. आमच्याकडे सासऱ्यांनी दिलेला संखेड्याचा झोपाळा आहे, लाखेच्या रंगाचा, पितळी कड्यांचा. पुरात तो वरच्या खोलीत होता म्हणून वाचला. ही म्हणते त्याच्याशिवाय जाणार नाही. खाऱ्या हवेत लाख टिकेल का?


खारवारा, १० डिसेंबर, दुपारी १२:५०

लाखेचं सांगता येत नाही काका, पण पितळ हिरवं पडेल, चिंचेने घासायला लागेल. कड्यांच्या वर छताला जो लोखंडी हूक असेल तो मात्र स्टेनलेस स्टीलचा लावा, ३१६ ग्रेडचा, ३०४ चा नको. आमच्याकडे बोटींना तोच वापरतात. फेब्रुवारीत आलात की फोन करा, मी घेऊन येतो.